सातवा लागला? शेवटच्या तीन महिन्यांत काय होतं, काय करावं आणि दवाखाना कधी गाठावा

बीड : सातवा लागला की घरात दोन गोष्टींची चर्चा सुरू होते. ओटी कधी भरायची आणि पहिलटकरीण असेल तर माहेरी कधी धाडायचं. डोहाळजेवण झालंच पाहिजे, हौस आहे. पण त्याच दिवसांत आणखी तीन प्रश्नांची उत्तरं घरात ठरलेली असली पाहिजेत. बाळंतपण कोणत्या दवाखान्यात होणार? रात्री दोन वाजता कळा आल्या तर गाडी कोणाची? आणि रक्त लागलं तर देणार कोण? ही उत्तरं आधी ठरलेली असली की ऐन वेळी धावपळ होत नाही. शेवटची तिमाही सुरू होताना शरीरात काय बदलतं, कोणत्या तपासण्या करायच्या आणि कोणती लक्षणं दिसली की घरी थांबायचं नाही, याची माहिती इथे एकत्र दिली आहे.

तिसरी तिमाही नेमकी कधी लागते?

दिवस मोजायचे ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. २८ आठवडे पूर्ण झाले की तिसरी तिमाही सुरू होते. गावाकडच्या हिशेबात सातवा महिना निम्मा झालेला असतो. बाळंतपणाची अंदाजे तारीख काढायची सोपी रीत अशी : पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे. समजा पाळी १० जूनला आली होती, तर तारीख निघते १७ मार्च आणि तिसरी तिमाही लागते २३ डिसेंबरच्या सुमारास.

ही तारीख अंदाजाची आहे. ३७ आठवडे पूर्ण झाल्यानंतर बाळंतपण कधीही होऊ शकतं. म्हणून सगळी तयारी तारखेच्या महिनाभर आधी झालेली बरी. पाळीची तारीख आठवत नसेल तर सुरुवातीच्या महिन्यांत केलेल्या सोनोग्राफीतली तारीख धरतात. तो कागद जपून ठेवा.

पोटातलं बाळ आता केवढं असतं?

२८ आठवड्यांचं बाळ साधारण एक किलोचं असतं. ते डोळे उघडतं-मिटतं, आवाज ऐकतं, लाथा मारतं. जन्मावेळी बाळ अडीच-तीन किलोचं व्हावं अशी अपेक्षा असते. म्हणजे बाळाचं निम्म्याहून जास्त वजन याच शेवटच्या १२ आठवड्यांत वाढतं. अंगावर चरबी धरते, मेंदूची वाढ जोरात होते आणि बाहेर आल्यावर श्वास घेता यावा म्हणून फुप्फुसं तयार होतात.

या वेळी सोनोग्राफीत बाळ आडवं किंवा पायाळू दिसलं तर लगेच घाबरू नये. २८ व्या आठवड्यात पुष्कळ बाळं तशी असतात आणि ३६ व्या आठवड्यापर्यंत बहुतेकांचं डोकं आपोआप खाली येतं. मात्र पोट चोळून बाळ ‘फिरवून’ घेण्याचा उद्योग घरी कोणाकडूनही करून घेऊ नये. त्यात वार सुटून रक्तस्राव होण्याचा धोका असतो.

आईला होणारे त्रास : कोणते नेहमीचे, कोणते नाहीत

पोट वाढलं की जळजळ होते, दम लागतो, कंबर धरते, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, शौचाला कडक होतं, सारखं लघवीला जावं लागतं. संध्याकाळी पाऊल थोडं सुजतं. हे बहुतेकींना होतं. एकदम पोटभर खाण्याऐवजी थोडं-थोडं चार-पाच वेळा खाल्लं, जेवल्याबरोबर आडवं झालं नाही, पाणी भरपूर पिलं आणि बसताना पाय उशीवर घेतले की बराच फरक पडतो. लघवीला जावं लागतं म्हणून पाणी कमी करू नये.

झोपताना कुशीवर झोपावं, डाव्या कुशीवर अधिक चांगलं. उताणं झोपल्यावर पोटाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर येतो आणि बाळाकडे जाणारं रक्त कमी होतं. झोपेत उताणं झालं तर घाबरायचं कारण नाही, जाग आली की कूस बदलायची.

कंबर दुखते म्हणून मेडिकलमधून परस्पर गोळी आणून घेऊ नका. अंगदुखीच्या काही गोळ्या, विशेषतः डायक्लोफेनॅक आणि आयबुप्रोफेन, या महिन्यांत बाळाच्या हृदयाला आणि किडनीला घातक ठरतात. मशेरी लावायची सवय असेल तर ती याच दिवसांत सोडावी. मशेरी म्हणजे तंबाखूच, तिच्यामुळे बाळाचं वजन कमी भरतं.

अधूनमधून पोट कडक होतं, त्या कळा का?

सातव्या-आठव्यात पोट मधूनच दगडासारखं होतं आणि थोड्या वेळानं सैल पडतं. या खोट्या कळा. त्या नियमित नसतात, कूस बदलली, पाणी पिलं, जरा चाललं की थांबतात. खऱ्या कळा ठरावीक वेळानं येतात, दर वेळी अधिक जोरात येतात, कमरेतून पोटाकडे सरकतात आणि विश्रांती घेऊनही थांबत नाहीत.

३७ आठवडे पूर्ण होण्याआधी अशा नियमित कळा आल्या, अंगावरून पाणी गेलं किंवा रक्त दिसलं तर वाट पाहायची नाही. वेळेत दवाखान्यात पोहोचलं तर बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून आईला इंजेक्शन देता येतं. हे इंजेक्शन बाळंतपणाआधी मिळालं तरच उपयोग होतो. तिथे एक-एक तास मोलाचा असतो.

बाळाची हालचाल रोज मोजा

याला ना मशीन लागतं ना पैसा. जेवण झाल्यावर डाव्या कुशीवर पडायचं आणि बाळाची हालचाल मोजायची. लाथ, ढुशी, वळवळ, सगळं धरायचं. दोन तासांत दहा हालचाली व्हायला हव्यात, बहुतेक वेळा त्याआधीच होतात. बाळ मध्ये थोडा वेळ झोपतं, तेवढा वेळ शांत राहणं ठीक.

पण दोन तासांत दहा झाल्या नाहीत किंवा रोजच्यापेक्षा बाळ फारच गप्प वाटलं तर त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन ठोके तपासून घ्या. ‘दिवस भरत आले की बाळ शांत होतं’ असं जुनी माणसं सांगतात, ते बरोबर नाही. शेवटी जागा कमी पडते म्हणून हालचालीची तऱ्हा बदलते, पण हालचाल कमी होत नाही. ‘उद्या सकाळी बघू’ म्हणून रात्र काढण्यात बाळ दगावू शकतं.

या महिन्यांतल्या तपासण्या

गरोदरपणात किमान चार तपासण्या व्हायला हव्यात. त्यातली तिसरी २८ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान आणि चौथी ३६ आठवड्यांनंतर. मधेच त्रास झाला तर जास्तीची तपासणी करायचीच. प्रत्येक वेळी पुढच्या गोष्टी झाल्या का, हे पाहून घ्या.

• रक्तदाब : १४०/९० किंवा त्याहून जास्त असेल तर डॉक्टरांनी पुढची तपासणी सांगेपर्यंत घरी जाऊ नये.

• लघवी : प्रथिनं जातात का ते कळतं. बीपी वाढलेलं असताना प्रथिनं जात असतील तर ती धोक्याची खूण आहे.

• हिमोग्लोबिन : ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी. ७ च्या खाली असेल तर गोळ्यांवर भागत नाही, मोठ्या दवाखान्यात दाखल व्हावं लागतं.

• साखर : ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देऊन दोन तासांनी रक्त तपासतात. १४० किंवा त्याहून जास्त आली तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. ही तपासणी २४ ते २८ आठवड्यांत राहिली असेल तर आता करून घ्या.

• रक्तगट : आईचा गट निगेटिव्ह आणि वडिलांचा पॉझिटिव्ह असेल तर २८ व्या आठवड्याच्या सुमारास अँटी-डी इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा. पुढच्या बाळंतपणाच्या दृष्टीनंही ते महत्त्वाचं आहे.

• वजन आणि पोटाची उंची : बाळ वाढतंय की नाही, याचा अंदाज यावरून येतो.

• धनुर्वाताची लस (टीडी) : डोस राहिला असेल तर सिस्टरांना सांगा.

दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यांत दुसऱ्या आणि तिसऱ्या तिमाहीतल्या गरोदर बायांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. हे अभियान २०१६ पासून सुरू आहे. आपल्या जवळ ती कुठे होते, हे आशाताईंना विचारून ठेवा. तपासणीनंतर कार्डावर लाल स्टिकर लावलं तर त्याचा अर्थ गरोदरपण जोखमीचं आहे. लाल स्टिकर असलेल्या बाईचं बाळंतपण सोयी असलेल्या मोठ्या दवाखान्यातच ठरवावं.

सोनोग्राफीच्या वेळी मुलगा की मुलगी हे विचारणं आणि सांगणं, दोन्ही गुन्हे आहेत.

गोळ्या आणि जेवण

सरकारी दवाखान्यातून लोहाची गोळी रोज एक आणि कॅल्शियमच्या गोळ्या रोज दोन मिळतात. दोन्ही एकत्र घेऊ नयेत, कॅल्शियममुळे लोह अंगी लागत नाही. मध्ये किमान दोन तासांचं अंतर ठेवा. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घेतली तर चांगली लागू पडते. गोळीच्या आगेमागे तासभर चहा नको. शौचाला काळं होतं, ते गोळीमुळेच, त्यात काळजीचं काही नाही. रक्त कमी असेल तर डॉक्टर गोळ्या वाढवतात किंवा सलाईनमधून लोहाचं इंजेक्शन देतात.

‘लोहाच्या गोळीनं बाळ काळं होतं’ म्हणून पुष्कळ घरांत गोळ्या फडताळात पडून राहतात. बाळाचा रंग आईबापावर जातो, गोळीवर नाही. उलट बाळंतपणात रक्त गेलं तर आधीच रक्त कमी असलेली बाई लवकर धोक्यात येते.

जेवणात वेगळं काही विकत आणायची गरज नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, तुरीचं-मुगाचं वरण, मटकी, शेंगदाणे, पालेभाजी, दूध-ताक, चालत असेल तर अंडी. रोजच्यापेक्षा एक जेवण जास्त हवं. अंगणवाडीतून मिळणारा घरपोच आहार गरोदर बाईसाठी असतो, तो सगळ्या घरात वाटला जाऊ नये. आणि घरात सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाण्याची रीत निदान या तीन महिन्यांत तरी बाजूला ठेवावी.

हे समज सोडलेले बरे

‘सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही.’ अठमाशा बाळाबद्दलची ही समजूत घरोघरी आहे आणि ती उलटी आहे. बाळ पोटात जितके जास्त दिवस राहील, तितकी त्याची जगण्याची शक्यता वाढते. आठव्यात जन्मलेलं बाळ सातव्यातल्यापेक्षा सशक्त असतं. या समजुतीपायी आठव्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरचे आधीच आशा सोडतात आणि बाळाला मोठ्या दवाखान्यात हलवायला उशीर करतात. कमी दिवसांच्या बाळांसाठी जिल्हा रुग्णालयात नवजात शिशूंचा विशेष कक्ष असतो, तिथे उपचार मोफत होतात.

‘कमी खाल्लं की बाळ लहान राहतं आणि बाळंतपण सोपं जातं.’ कमी खाल्ल्यानं आई अशक्त होते आणि बाळ कमी वजनाचं जन्मतं. अशी बाळं लवकर आजारी पडतात. बाळंतपण सोपं होईलच, याची मात्र खात्री नसते.

‘ग्रहण पाळलं नाही तर बाळात व्यंग येतं.’ ग्रहणाचा आणि व्यंगाचा संबंध नाही. बाळाचे अवयव पहिल्या तीन महिन्यांतच तयार होतात. पण तासन्‌तास उपाशी-तहानलेलं एका जागी बसवल्यानं आईला चक्कर येते, पाणी कमी पडतं. घरच्यांच्या मनासाठी घरात थांबायचं तर थांबा, पण पाणी, जेवण आणि गोळी चुकवू नका.

ऊसतोडीला गेलेल्या बायांसाठी

बीड जिल्ह्यात हा विषय टाळून चालत नाही. दिवाळीच्या सुमारास आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज, गेवराई अशा तालुक्यांतून टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. पट्टा पडेपर्यंत मार्च-एप्रिल उजाडतो. उचल नवरा-बायकोच्या कोयत्यावर घेतलेली असते, खाडा झाला की पैसे कापले जातात, म्हणून सातव्या-आठव्यातही बाई फडात उभी असते. तपासणी मागे पडते ती इथेच.

जायच्या आधी माता-बाल संरक्षण कार्ड सोबत घ्या. ते कार्ड आणि त्यावरचा नोंदणी क्रमांक असला की दुसऱ्या जिल्ह्यातल्या दवाखान्यालाही आधीच्या तपासण्या कळतात. सरकारी दवाखान्यात ‘तुम्ही इथल्या नाहीत’ म्हणून बाळंतपण नाकारता येत नाही आणि मोफत सेवा तिथेही मिळते. गोळ्या दोन-तीन महिन्यांच्या आधीच मागून घ्या. कोपीवर पोहोचलं की पहिल्याच आठवड्यात तिथल्या आशाताईंचा आणि जवळच्या आरोग्य केंद्राचा फोन नंबर मुकादमाकडे आणि टोळीतल्या दोघा-तिघांकडे देऊन ठेवा.

सातव्यानंतर मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढणं बंद झालंच पाहिजे. जड ओझं आणि पडण्याची भीती, दोन्ही धोके त्यात आहेत. वाढं गोळा करणं, मोळ्या बांधणं अशी हलकी कामं टोळीनं वाटून द्यावीत. आणि शक्य असेल तर आठवा लागण्याआधी घरच्या कोणीतरी बाईला गावी आणावं. दिवस भरत आले असताना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून किंवा मोटारसायकलवरून लांबचा प्रवास टाळावा.

माहेरी जाणाऱ्या पहिलटकरणींनाही हेच लागू आहे. ओटी भरून माहेरी आल्या की तिथल्या आशाताईंकडे नाव सांगा आणि तिथली पुढची तपासणी कधी, ते विचारा. सासरच्या आशाताईंना वाटतं ती माहेरी गेली, माहेरच्या आशाताईंना माहीतच नसतं ती आली आहे. या दोन गावांच्या मधे महिना-दीड महिना तपासणीविना निघून जातो.

ही लक्षणं दिसली की लगेच निघा

• अंगावरून रक्त जाणं, थोडं असलं तरी

• अंगावरून पाणी जाणं

• बाळाची हालचाल कमी होणं किंवा थांबणं

• डोकं फार दुखणं, डोळ्यांसमोर अंधारी किंवा चमकणं, छातीखाली पोटात जोरात दुखणं

• चेहरा आणि हात अचानक सुजणं

• झटके येणं

• खूप ताप, थंडी वाजणं

• बसल्या जागी दम लागणं, धडधड होणं

• ३७ आठवड्यांआधी नियमित कळा

झटके आले तर ‘बाहेरचं’ समजून कोणाकडे दाखवायला नेऊ नका. तो वाढलेल्या बीपीचा झटका असतो. बाईला कुशीवर निजवा, तोंडात चमचा, पाणी काही घालू नका आणि थेट दवाखान्यात न्या. वेळेवर इंजेक्शन मिळालं तर आई आणि बाळ दोघांचा जीव वाचू शकतो.

गाडी, पैसा आणि कागदपत्रं

गाडी : गरोदर बाईला दवाखान्यात नेण्यासाठी १०२ आणि तातडीच्या वेळी १०८. दोन्ही मोफत. तरीही गावातल्या एका खासगी गाडीवाल्याशी आधीच बोलून ठेवा. पावसाळ्यात वस्तीवर गाडी येत नसेल तर शेवटचे काही दिवस रस्त्यालगतच्या नातेवाइकांकडे राहायला गेलेलं चांगलं.

खर्च : जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात (२०११ पासून) सरकारी दवाखान्यात साधं बाळंतपण असो वा सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि घरी सोडायची गाडी, सगळं मोफत आहे.

अनुदान : जननी सुरक्षा योजनेत ग्रामीण भागातल्या दारिद्र्यरेषेखालील, अनुसूचित जाती आणि जमातीच्या बाईला दवाखान्यात बाळंतपण झाल्यावर ७०० रुपये मिळतात. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पात्र बाईला पहिल्या बाळासाठी दोन हप्त्यांत ५ हजार रुपये आणि दुसरी मुलगी झाली तर ६ हजार रुपये मिळतात. अर्ज आशाताई किंवा अंगणवाडीताईंकडे भरता येतो. पैसे बाईच्या स्वतःच्या आधार जोडलेल्या खात्यात येतात, म्हणून तिचं खातं चालू आहे का, हे आत्ताच तपासा.

रक्त : रक्तगट जुळणारी दोन माणसं घरात-गावात हेरून त्यांचे नंबर लिहून ठेवा.

पिशवी : माता-बाल संरक्षण कार्ड, आधार, पासबुकाची झेरॉक्स, सोनोग्राफी आणि रक्ताचे कागद, आईसाठी दोन-तीन सैल कपडे आणि सुती कापडं, बाळासाठी धुऊन उन्हात वाळवलेली दुपटी, झबली, टोपडी, आणि मोबाइलचा चार्जर. ही पिशवी आठवा संपायच्या आत भरून खुंटीला लावून ठेवा आणि ती कुठे आहे, हे घरातल्या सगळ्यांना सांगा.

सोबतीला कोण जाणार, मागे थोरल्या लेकराला कोण सांभाळणार, हेही ठरवा. बाळ जन्मलं की पहिल्या तासातच त्याला अंगावर पाजायचं, पहिला पिवळसर चीक फेकायचा नाही, मध किंवा साखरपाणी चाटवायचं नाही, हे आजीला आणि मावशीला आधीच सांगून ठेवलं तर ऐन वेळी वाद होत नाही.

(ही माहिती सर्वसाधारण आहे. आधीचं सिझर, जुळी बाळं, बीपी, साखर किंवा हृदयाचा आजार असलेल्या बायांनी आपल्या डॉक्टरांचाच सल्ला पाळावा. शंका आल्यास आशाताई, गावचं उपकेंद्र किंवा आरोग्य सल्ल्यासाठी १०४ या क्रमांकावर विचारावं.)